भीमा खोऱ्यातील वाळू उपसा

भीमा खोऱ्यातील वाळू उपसा म्हणजे पुणे जिल्ह्यातील भीमा नदी व तिच्या उपनद्या यांच्या पात्रांतून बांधकामासाठी केले जाणारे वाळूचे उत्खनन होय. यातील बराचसा उपसा शासनाच्या परवानगीवाचून, किंवा मिळालेल्या परवानगीची मर्यादा ओलांडून होत आल्यामुळे लोकव्यवहारात तो ‘अवैध वाळू उपसा’ या नावानेच ओळखला जातो. पुणे शहराबरोबरच पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा औद्योगिक पट्टा या वाळूचा मोठा ग्राहक आहे. या विषयाची चर्चा बहुधा महसुलाची चोरी आणि गुन्हेगारी या अंगाने होते. मात्र दख्खनच्या पठारावरील नद्यांत वाळू मुळातच थोडी असते आणि एकदा गेलेली वाळू पुन्हा भरून येण्याचा वेग अत्यंत मंद असतो, ही भूशास्त्रीय बाब लक्षात घेतल्याखेरीज प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही.

नद्या आणि औद्योगिक पट्टा

पिंपरी-चिंचवड शहर तीन नद्यांच्या सान्निध्यात वाढले आहे. पवना शहराच्या मधून वाहते, इंद्रायणी त्याची उत्तर सीमा आखते आणि मुळा दक्षिण सीमा. शहराच्या हद्दीत पवनेचे पात्र सुमारे २४ किलोमीटर, तर इंद्रायणीचे सुमारे १९ किलोमीटर लांबीचे आहे. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा पुण्यात मुठेला मिळून मुळा-मुठा होते व पुढे भीमेत विलीन होते. इंद्रायणी देहू व आळंदी ही क्षेत्रे ओलांडून तुळापूर येथे भीमेस मिळते. चाकण हे गाव खेड तालुक्यात, इंद्रायणी आणि भीमा यांच्या मधल्या पठारावर आहे. त्याच तालुक्यातून भीमेची उपनदी भामा वाहते. भीमा पुढे शिरूर, दौंड, इंदापूर या तालुक्यांच्या कडेने उजनी जलाशयात शिरते आणि पंढरपुरास पोहोचल्यावर चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. देहू-आळंदीच्या पालख्या ज्या गावी जातात, त्याच गावी तेथील नदीचे पाणीही जाते. वरच्या अंगाला नदीचे जे केले जाते त्याचा परिणाम खाली वाळवंटापर्यंत पोहोचतो, तो याच कारणाने.

या पट्ट्याचे औद्योगिकीकरण इ.स. १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून वेगाने सुरू झाले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली व १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. चाकणची औद्योगिक वसाहत त्यानंतरची असून वाहन उद्योगामुळे ती झपाट्याने विस्तारली. २००१च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. २०११च्या जनगणनेत ती १७ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत वाढलेल्या या सात लाख माणसांची घरे, त्यांचे रस्ते, पूल आणि ते काम करतात ते कारखाने या सर्वांना वाळू लागली.

वाळूची उत्पत्ती

शालेय भूगोलाच्या आकृतीत नदी वरच्या टप्प्यात झीज करते, मधल्या टप्प्यात गाळ वाहून नेते आणि खालच्या टप्प्यात तो साठविते, असे दाखविलेले असते. त्यावरून वाळू हे नदीचे वार्षिक पीक आहे, पावसाळ्यात येते आणि उन्हाळ्यात काढायचे असते, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घर करते व पुढे मोठेपणीही टिकून राहते. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांबाबत ती काही अंशी खरी आहे. भीमेबाबत ती बहुतांशी चुकीची आहे.

याचे कारण खडकात आहे. ग्रॅनाइट किंवा नाइस या खडकांत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण भरपूर असतात. खडक झिजला तरी हे कठीण कण टिकून राहतात आणि त्यांची वाळू होते. विदर्भात वैनगंगेला मुबलक वाळू आहे ती त्यामुळेच. पश्चिम महाराष्ट्राचा काळा पाषाण, अर्थात बेसॉल्ट, या बाबतीत वेगळा आहे. त्यात क्वार्ट्झ जवळपास नसतो. तो कुजला की त्याची प्रामुख्याने चिकणमाती होते. दख्खनची काळी जमीन तिच्यापासूनच बनली आहे. वाळूच्या आकाराचे कण त्यातून कमीच निघतात. भीमेच्या वाळूत बेसॉल्टचे बारीक तुकडे, अकीक व त्याच्या जातीचे दगड आणि जिओलाइटसारखी खनिजे आढळतात. बेसॉल्टच्या पोकळ्यांत भरलेले हे पदार्थ खडकाच्या मानाने अधिक टिकाऊ असतात.

पुणे जिल्ह्यातील नद्या अनेक ठिकाणी उघड्या कातळावरून वाहतात, हेही गाळाच्या तुटवड्याचेच लक्षण होय. डेक्कन महाविद्यालयातील भूपुरातत्त्वज्ञ शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळा-मुठा, भीमा, घोड इत्यादी नद्यांच्या काठांवरील गाळाच्या थरांचा अनेक दशके अभ्यास केला. वाळू, गोटे आणि माती यांचे हे थर हजारो वर्षांपूर्वीच्या, आजच्याहून वेगळ्या हवामानात साचलेले आहेत. आजची नदी ते थर वाढविण्याऐवजी कापत चालली आहे. पात्रातील वाळूचा बराच अंश या जुन्या ठेवीतूनच आलेला असतो. ती ठेव मोडून खाल्ली जात आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

त्यात धरणांची भर पडली. पवना, चासकमान, भामा-आसखेड व इतर धरणांच्या भिंतींमागे पाण्याबरोबर भरड गाळही अडतो. पुराच्या लोंढ्याबरोबर जी थोडीफार वाळू पूर्वी खाली येत असे, तिची आवक त्यामुळे घटली. दुसरीकडे मागणी वाढत गेली.

मागणीचे माप

वाळू मोजण्याचे महाराष्ट्रातील रूढ माप ब्रास हे आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अथवा सुमारे २.८३ घनमीटर. सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या १:२:४ या जुन्या परिचित प्रमाणाने काँक्रीट केल्यास एका ब्रास वाळूत साधारण सहा घनमीटर काँक्रीट होते. विटांचे बांधकाम आणि गिलावा यांना लागणारी वाळू वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी वाळू व खडी मिळून सुमारे ५,००० कोटी टन वापरली जाते. पाण्याखालोखाल मनुष्य सर्वाधिक वापरतो ती हीच नैसर्गिक साधनसामग्री. वाळवंटी प्रदेशातील वाऱ्याने गोल झालेली वाळू काँक्रीटला फारशी उपयोगी नसते, म्हणून भार नद्यांवर येतो.

‘वाळवंट’ या शब्दाचा मराठीतील जुना अर्थ नदीकाठची वाळूची मोकळी जागा असाच आहे. मरुभूमीचा अर्थ त्याला पुढे चिकटला. वारकऱ्यांची कीर्तने ज्या वाळवंटात होत आली ते चंद्रभागेच्या पात्रातील होय. भीमेच्या काठी हा जुना अर्थ दाखविण्याजोग्या जागा आता कमी होत चालल्या आहेत.

उपशाच्या पद्धती

पूर्वी वाळू फावड्याने भरून बैलगाडीतून नेली जाई. घरबांधणीपुरती वाळू नेण्यास गावात कोणाची हरकत नसे, आणि एका हंगामात माणसे व बैल मिळून जेवढी वाळू नेऊ शकत तेवढ्यावरच उपसा थांबे. यंत्रांनी ही नैसर्गिक मर्यादा मोडली. कोरड्या पात्रात जेसीबी व पोकलेन लावून वाळू ट्रॅक्टर आणि डंपरमध्ये भरली जाते. पाणी असेल तेथे, विशेषतः दौंड-इंदापूरच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यात, फायबरच्या बोटींवर डिझेल इंजिन आणि सक्शन पंप बसवून तळाची वाळू पाण्यासह वर खेचली जाते. पाणी गाळून गेले की वाळू काठावर साठवून रातोरात हलविली जाते. महसूल व पोलीस खात्याची पथके अशा बोटी पकडतात, तेव्हा त्या ओढून नेणे शक्य नसल्याने अनेकदा जिलेटिनच्या स्फोटाने जागीच नष्ट करतात.

नदीत वाळू उरली नाही तेथे तिसरी रीत आली. ओढ्याकाठची किंवा शेतातील वाळूमिश्रित माती खणून ती पाण्याने धुतली जाते. निघालेली वाळू नैसर्गिक म्हणून विकली जाते आणि गढूळ पाणी ओढ्यात सोडले जाते. या पद्धतीत नदीबरोबर जमीनही जाते, आणि काठावर साचणाऱ्या चिखलाच्या साईमुळे पाणी जमिनीत मुरणेही मंदावते.

या व्यवसायातील सर्वच माणसे बाहेरून आलेले गुंड असतात, असे चित्र रंगविणे सोपे आहे. वस्तुस्थिती अधिक अवघड आहे. औद्योगिक वसाहतींसाठी जमिनी गेल्यावर मिळालेल्या मोबदल्यातून या पट्ट्यातील अनेक कुटुंबांनी ट्रॅक्टर, डंपर, जेसीबी, पाण्याचे टँकर घेतले. यंत्राचा हप्ता दरमहा भरावाच लागतो आणि यंत्र उभे ठेवणे परवडत नाही. ज्या काठावरच्या विहिरी आटतात, त्याच काठावरच्या घरांपुढे वाळूचे डंपर उभे असतात. तक्रार करणाराला आपल्याच भावकीविरुद्ध करावी लागते, म्हणून ती पुष्कळदा होतच नाही.

नदीवरील परिणाम

वाळूच्या थराच्या एकूण घनफळापैकी साधारण एक तृतीयांश भाग कणांमधील मोकळ्या फटींचा असतो. त्या हिशोबाने एका ब्रास वाळूत आठशे-नऊशे लिटर पाणी सामावू शकते. पावसाळ्यात भरलेला हा साठा नदी आटल्यावर काठच्या विहिरींना हळूहळू पाणी देत राहतो. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात हातभर खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरण्याची जुनी रीत याच साठ्यावर चाले. वाळू काढल्यावर झालेल्या खड्ड्यात पाणी दिसते, त्यामुळे पाणी वाढले असा भ्रम होतो. प्रत्यक्षात ते बहुधा काठच्या जमिनीतून खड्ड्यात ओढले गेलेले पाणी असते. वाळूखाली ते उन्हापासून झाकलेले होते. उघड्यावर आल्याने त्याची वाफ होते. खड्डा जितका खोल, तितकी आजूबाजूच्या विहिरींची पातळी खाली उतरते.

दुसरा परिणाम प्रवाहाचा आहे. खड्ड्याच्या वरच्या कडेला पाणी उतारावरून वेगाने पडते व ती कड कुरतडू लागते. अशा रीतीने खड्डा प्रत्येक पुरात वरच्या अंगाला सरकतो. ओढे जेथे नदीस मिळतात तेथे पोहोचला की ओढ्यांचे तळही खचू लागतात. खड्ड्याच्या खालच्या बाजूस याहून वेगळे घडते. पाण्यासोबत आलेला गाळ खड्ड्यातच बसतो, आणि पुढे गेलेले गाळविरहित पाणी आपली वहनशक्ती काठांवर आणि तळावर खर्च करते. नदीकाठची शेते ढासळतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या पायाखालची भरणी निघून जाते, पुलांचे पाये उघडे पडतात, पाणीपुरवठ्याच्या जॅकवेल कोरड्या राहतात. खड्डा एका गावाच्या हद्दीत असतो आणि नुकसान दुसऱ्या गावाच्या हद्दीत होते, त्यामुळे दोहोंचा संबंध पंचनाम्यात क्वचितच जोडला जातो.

पात्रातील खोल खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पंढरपूरला स्नानासाठी उतरलेले भाविक आणि ठिकठिकाणी पोहण्यास गेलेली मुले अशा खड्ड्यांत बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. नदीचा उतार ओळखीचा असलेला माणूसही त्यात फसतो, कारण गेल्या वर्षीचा उतार यंदा राहिलेला नसतो.

जलचरांच्या बाबतीत एक उदाहरण या प्रदेशाच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. दख्खनच्या महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले. ‘टॉर खुद्री’ या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द स्थानिक बोलीतून घेतलेला आहे. देहू-आळंदीच्या डोहांत भाविकांनी हे मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले. महाशीर स्वच्छ, वाहत्या पाण्यात वाळू-गोट्यांच्या थरावर अंडी घालतो. तो थर उपसला गेला किंवा त्यावर गाळाचा लेप बसला, तर अंडी तगत नाहीत. लोणावळ्यातील वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून या माशाची कृत्रिम पैदास केली जाते व मत्स्यबीज अनेक जलाशयांत सोडले जाते. परंतु नदीचा तळ काही उबवणी केंद्रात तयार करता येत नाही.

कायदा आणि धोरणे

वाळू हे १९५७च्या खाण व खनिज अधिनियमानुसार गौण खनिज असून त्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४८(७) अन्वये अनधिकृत उत्खननास खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि कलम ४८(८) अन्वये यंत्रे व वाहने जप्त करता येतात. २०१४ साली दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, खनिज कायद्याखालील कारवाईमुळे चोरीचा स्वतंत्र गुन्हा नोंदविण्यास बाध येत नाही. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींना स्थानबद्ध करण्याच्या १९८१च्या राज्य कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन वाळू तस्करांचाही समावेश करण्यात आला. कायदा अपुरा आहे, असे यावरून म्हणता येत नाही.

न्यायालयीन हस्तक्षेपाचा आरंभ कोकण किनाऱ्यावरून झाला. अलिबागजवळ किहीम येथे २००४ साली वाळू उपशाची पाहणी करताना सुमैरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्या आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये राज्यातील वाळू उपशास मनाई केली. त्यानंतर पर्यावरणीय अटींसह नवी व्यवस्था आणणे शासनास भाग पडले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. मोठ्या पट्ट्याचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची २०१६ व २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे नदीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत. प्रत्येक जिल्ह्याने सर्वेक्षण अहवाल तयार करावा, पावसाळ्यापूर्वी व नंतर पात्राचे मोजमाप घेऊन किती वाळू नव्याने आली ते ठरवावे आणि त्याच मर्यादेत उपसा करू द्यावा, हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. खोली तीन मीटरांच्या आत असावी, पावसाळ्यात उपसा करू नये, काठांपासून व पुलांपासून ठरावीक अंतर सोडावे, अशा अटीही आहेत. भीमा खोऱ्यात हे सूत्र प्रामाणिकपणे लावले, तर अनेक ठिकाणी उत्तर शून्याच्या जवळ येईल. मोजमाप कागदावर उरकण्याकडे कल का असतो, याचे हे एक कारण असू शकते.

महाराष्ट्र शासनाने वाळूविषयक धोरण २०१८, २०१९, २०२२, २०२३ आणि २०२५ असे वारंवार बदलले. २०२३च्या धोरणात लिलाव थांबवून शासकीय आगारांतून ६०० रुपये ब्रास या दराने वाळू देण्याचा प्रयोग झाला. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळण्यात आले आणि घरकुल लाभार्थ्यांसाठी पाच ब्रासपर्यंत विनामूल्य वाळूची तरतूद झाली. वाहतूक परवान्यांसाठी ‘महाखनिज’ ही संगणकीय प्रणाली आहे. या सर्व बदलांचा रोख वाळू कोणी व कोणत्या भावाने विकावी यावर राहिला. परवान्याची पावती वाळूचा मालक सांगते. ती वाळू नदीला परत कधी मिळणार, हे तिच्यावर लिहिलेले नसते.

पर्याय आणि नदीचे व्यवस्थापन

खडी यंत्रातून दगड चुरून केलेली वाळू, म्हणजे क्रश सँड किंवा एम-सँड, हा सर्वांत प्रचलित पर्याय असून भारतीय मानक ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीत तिला स्थान आहे. २०२५ साली राज्याने तिच्या उत्पादनास उत्तेजन देणारे स्वतंत्र धोरण मंजूर केले. पिंपरी-चिंचवड परिसरातील मोठ्या बांधकामांत ती आता सर्रास वापरली जाते. तथापि तिचाही दगड कोठून तरी येतो. मोशी आणि वाघोली येथील खाणी पाहिल्या, की नदीवरचा भार डोंगरावर गेला आहे हे ध्यानात येते. धूळ, सुरुंगांचे हादरे आणि उघडे पडलेले खोल खड्डे ही त्याची किंमत होय.

उजनीसारख्या जलाशयांतील वाळूमिश्रित गाळ काढावा, अशी सूचना अनेकदा पुढे येते. त्यातून धरणाची क्षमताही वाढते, म्हणून ती आकर्षक आहे. मात्र देखरेख नसेल तर गाळाच्या नावाखाली वाळूच निघते.

व्यवस्थापनाची दुसरी बाजू पूररेषांची आहे. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. दंड भरून ते नियमित करून घेण्याची मुभा मिळाली नाही. याउलट, नदीकाठी उद्योगांच्या स्थानावर बंधने घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ साली रद्द करण्यात आले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत भीमा, इंद्रायणी, मुळा, मुठा आणि पवना या पाचही नद्या आहेत. वाळूचा थर पाणी गाळण्याचे काम करतो, तेव्हा प्रदूषण आणि उपसा हे दोन प्रश्न पूर्णपणे वेगळे मानता येत नाहीत.

बांधकामाचा राडारोडा दळून त्यातून पुन्हा वापरण्याजोगी खडी व वाळू काढण्याची तरतूद २०१६च्या केंद्रीय नियमांत असून पिंपरी-चिंचवड महापालिकेचा असा प्रकल्प मोशी येथे आहे. तरीही राडारोड्याच्या गाड्या रात्री पवना आणि मुळा यांच्या काठांवर रिकाम्या होण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. भीमेतून काढलेली वाळू शहरात येऊन भिंत होते, भिंत पाडली जाते आणि तिचा राडारोडा दुसऱ्याच नदीच्या पात्रात भरावासाठी पडतो. एक पात्र खचते आणि दुसरे अरुंद होते.